शिवारातलं कुत्रं आणि आपली पिकं

जालना जिल्ह्यात सकाळी वावराकडे निघालेल्या माणसाच्या मागेपुढे कुत्रं असतंच. आखाड्यावर राखणीला ठेवलेलं, मेंढ्यांच्या कळपाबरोबर गावोगाव हिंडणारं, किंवा कुणाचंच नसलेलं पण भाकरीच्या तुकड्यासाठी रोज बांधापर्यंत येणारं. आता त्यांत जालना, अंबड, परतूर या शहरांतल्या घरी पाळलेल्या लॅब्रॅडोर आणि जर्मन शेफर्डचीही भर पडली आहे. त्यांना फिरवायला मोकळी जागा म्हणजे गावाबाहेरचा शेतरस्ताच. यातलं एखादं कुत्रं तोंडाला फेस येऊन पडतं, एखादं आठवडाभर कान झाडत राहतं, एखादं अन्नपाणी सोडून कोपऱ्यात बसतं. मग "काहीतरी खाल्लं असेल" एवढं म्हणून विषय संपतो. हे "काहीतरी" म्हणजे नेमकं काय, ते कोणत्या पिकात, कोणत्या महिन्यात असतं आणि त्यातलं किती टाळता येतं, याचा हा आढावा.

मुख्य मुद्दा आधीच सांगतो. आपल्याकडे उभं पीक कुत्र्याला क्वचितच मारतं. मारतं ते पिकावर टाकलेलं, पिकाभोवती मांडलेलं आणि पीक निघाल्यावर मागे उरलेलं. म्हणूनच या मृत्यूंपैकी बरेचसे माणसाला टाळता येण्यासारखे आहेत.

कुसळं, सराटे आणि धसकटं

सुरुवात विष नसलेल्या धोक्यापासून करू, कारण तो सर्वांत जास्त दिसतो आणि सर्वांत कमी ओळखला जातो. पावसाळा सरला की बांधावरचं, गायरानातलं आणि माळावरचं गवत वाळतं. त्यातल्या कुसळी गवताचं एक कुसळ हातात घेऊन नीट पाहा. टोक सुईसारखं अणकुचीदार, त्यामागे उलट्या दिशेने वळलेले बारीक ताठ केस आणि मागे पीळ पडलेली लांब शेपटी. दमट हवेत या शेपटीचा पीळ सुटतो, कोरड्या हवेत पुन्हा पडतो. या हालचालीनेच बी जमिनीत आपोआप घुसतं. तेच बी कुत्र्याच्या केसांत अडकलं की कातडीत घुसतं. उलटे केस त्याला मागे येऊ देत नाहीत, त्यामुळे ते पुढेच सरकत राहतं. गव्हाच्या ओंबीचं वाळलेलं कुसळही असंच वागतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये गव्हाची काढणी झाली की रानात आणि मळणीयंत्राच्या आसपास त्यांचा सडा पडलेला असतो.

कुसळ कानात गेलं तर कुत्रं मान एका बाजूला कलती ठेवतं आणि सारखं डोकं झाडतं. नाकात गेलं तर एकाएकी शिंकांचा सपाटा सुरू होतो, कधी रक्तही येतं. डोळ्यात गेलं तर डोळा मिटलेला राहतो आणि पाणी गळतं. बोटांच्या बेचक्यात घुसलं तर तिथे गाठ येते, ती फुटते, भरते आणि पुन्हा फुटते, कारण आतलं कुसळ तसंच असतं. वरून हळद किंवा मलम लावून ही जखम बरी होत नाही. कुसळ काढावंच लागतं. कानात खोल गेलेलं कुसळ घरी चिमट्याने काढायला जाऊ नये. पडद्याला इजा होते, शिवाय ते आणखी आत सरकतं.

सराट्यांचे काटे तळपायात मोडतात, तेही असेच दुखणं देतात. पण त्याहून वाईट म्हणजे धसकटं. ज्वारी, तूर आणि कपाशी विळ्याने किंवा कोयत्याने तिरपी कापली की मागे राहिलेलं खुंट भाल्यासारखं टोकदार होतं. सशामागे किंवा डुकरामागे धावणारं कुत्रं त्यावर छातीने आपटतं. जखम बाहेरून बोटाएवढी दिसते, पण आत खोल असते. तुरीचं रान कापल्यावर नांगरट होईपर्यंत कुत्र्याला त्यात मोकळं सोडू नये, एवढं पथ्य पुरेसं आहे.

हिवाळ्यात हरभऱ्याच्या रानातही एक बारीक त्रास असतो. पहाटेच्या दवात हरभऱ्याच्या पानांवर आंब धरते. तिच्यात मॅलिक आणि ऑक्झॅलिक ही आम्लं असतात. आधीच तळपाय फुटलेला किंवा पोटाला ओरखडा आलेला असेल तर ती झोंबते. घरी आल्यावर साध्या पाण्याने पाय आणि पोट धुतलं की भागतं.

गुळाचा वास आणि त्यातलं विष

खरा धोका इथे आहे. कीटकनाशकाच्या बाटलीला कुत्रं सहसा तोंड लावत नाही, कारण तिचा वास उग्र असतो. पण तेच औषध गुळात, कोंड्यात किंवा भरडलेल्या धान्यात कालवलं की ते त्याचं खाद्य होतं. किडीला भुलवण्यासाठी केलेलं आमिष कुत्र्यालाही भुलवतं. जालन्याच्या निदान तीन मुख्य पिकांत आज अशी आमिषं वापरली जातात.

पहिलं पीक मोसंबी. जालना मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे, बदनापूरला मोसंबी संशोधन केंद्र आहे आणि या फळाने जिल्ह्यातल्या अनेक घरांना आधार दिला आहे. आंबे बहाराची फळं पावसाळ्याच्या शेवटी पिकायला लागली की रसशोषक पतंग रात्री त्यांना सोंड खुपसतात आणि फळगळ होते. त्यावर उपाय म्हणून गूळ, पाणी, गळालेल्या फळांचा रस आणि मॅलाथिऑन यांचं मिश्रण रुंद तोंडाच्या बाटल्यांत किंवा डब्यांत भरून बागेत ठेवतात. उपाय पतंगासाठी योग्य आहे. पण तो डबा झाडाच्या बुंध्याशी जमिनीवर ठेवला तर उन्हात तहानलेल्या कुत्र्याला ते गोड पाणीच वाटतं. डबा माणसाच्या खांद्याच्या उंचीवर फांदीला तारेने टांगला तर पतंग येतातच, कुत्रं मात्र पोहोचत नाही. गळालेली फळं रोज वेचून खड्ड्यात पुरणं आणि पतंगाच्या अळ्या ज्यांवर वाढतात त्या गुळवेल-वासनवेलीसारख्या वेली बागेलगत वाढू न देणं, यानेही आमिषाची गरज कमी होते.

दुसरं पीक मका, विशेषतः भोकरदन-जाफराबादकडचा. 2018 मध्ये अमेरिकन लष्करी अळी भारतात प्रथम कर्नाटकात दिसली आणि लवकरच महाराष्ट्रभर पसरली. मोठ्या अळ्यांसाठी जी शिफारस आली ती अशी: दहा किलो भाताचा कोंडा आणि दोन किलो गूळ दोन-तीन लिटर पाण्यात कालवून चोवीस तास आंबवायचा आणि वापरण्यापूर्वी त्यात शंभर ग्रॅम थायोडीकार्ब मिसळायचं. हे आमिष पोंग्यात टाकायचं असतं. प्रत्यक्षात ते टोपल्यात, घमेल्यात, बांधावर उघडं राहतं, हातून सांडतं आणि उरलेलं तिथेच फेकलं जातं. आंबलेल्या गूळ-कोंड्याचा वास कुत्र्याला लांबूनही येतो.

तिसरं पीक सोयाबीन. 2022 च्या खरिपात मराठवाड्यात, विशेषतः लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात शंखी गोगलगायींनी उगवतं सोयाबीन फस्त केलं, अनेकांना दुबार पेरणी करावी लागली. तेव्हापासून मेटाल्डिहाईडच्या गोळ्या एकरी दोन किलो या मापाने टाकणं घरोघर माहीत झालं. गोगलगायीला आकर्षित करण्यासाठी या गोळ्यांत धान्याचा अंश असतो, त्यामुळे त्या कुत्र्यालाही खाव्याशा वाटतात. मेटाल्डिहाईड पोटात गेल्यावर काही तासांतच कुत्रं थरथरायला लागतं, ताप खूप चढतो आणि झटके येतात. यावर उतारा म्हणून एकच एक औषध नाही. झटके थांबवणं आणि अंग थंड ठेवणं हाच उपचार, आणि तो दवाखान्यातच होतो. गोळ्या टाकायच्याच असतील तर ढीग न करता विरळ पसराव्यात आणि पिशवी घरातही उंचावर ठेवावी. गुळाच्या पाण्यात भिजवलेली गोणपाटं संध्याकाळी रानात टाकून सकाळी त्यांखाली जमलेल्या गोगलगायी वेचणं हा कृषी विद्यापीठानेच सुचवलेला उपाय आहे. त्यात कुणाच्याच जिवाला धोका नाही.

याच मालिकेत उंदरांचं विष येतं. झिंक फॉस्फाईड धान्याच्या भरड्यात तेल लावून कालवतात. ते बिळात टाकून बीळ बुजवायचं असतं, पण अनेकदा ते बिळाच्या तोंडाशीच राहतं. पोटातल्या आम्लाशी त्याचा संबंध आला की फॉस्फीन वायू तयार होतो आणि तो प्राणघातक आहे. ब्रोमॅडिओलोनच्या वड्यांचं विष वेगळं. त्याने रक्त गोठत नाही. लक्षणं तीन-चार दिवसांनी दिसतात, म्हणून कशाने झालं हे कुणाच्या लक्षात येत नाही. मेलेले उंदीर खाऊनही कुत्र्याला बाधा होऊ शकते. ते गोळा करून पुरणं हा औषध टाकण्याइतकाच महत्त्वाचा भाग आहे. ब्रोमॅडिओलोनवर जीवनसत्त्व के-1 हा चांगला उतारा आहे, पण त्यासाठी डॉक्टरांना विषाचं नाव कळायला हवं.

फवारणीचं रान

कपाशी हे जिल्ह्याचं मोठं पीक. पिंपळगाव रेणुकाईच्या पट्ट्यातली मिरची, जालना तालुक्यात कडवंचीची द्राक्षं आणि ठिकठिकाणचा भाजीपाला यांवरही फवारणी भरपूर होते. कुत्रं पंपवाल्याच्या मागेमागे ओळीतून चालतं, ओल्या पानांना अंग घासतं आणि मग सावलीत बसून पाय चाटतं. त्याच्या पोटात औषध जातं ते असं, खाण्यातून नव्हे. दुसरी वाट पाण्याची. औषध कालवलेलं पिंप, पंप धुतलेलं डबकं, ठिबकच्या टाकीतलं खताचं पाणी. रानात प्यायला दुसरं पाणी नसेल तर कुत्रं तिथेच तोंड घालणार.

सेंद्रिय फॉस्फरस किंवा कार्बामेट गटातल्या औषधाची बाधा झाली तर लाळ गळते, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होतात, जुलाब लागतात, स्नायू फडफडतात आणि श्वास घ्यायला त्रास होतो. यावर ॲट्रोपीनचं इंजेक्शन जीव वाचवतं, मात्र ते वेळेत मिळायला हवं. तणनाशकांत पॅराक्वाटची बाधा सर्वांत भयंकर. त्यावर उतारा नाही, फुप्फुसं निकामी होतात. कुत्री पोट बिघडलं की गवत खातात, हे आपण रोज पाहतो. बांधावर तणनाशक मारलं असेल तर ते गवत पूर्ण वाळेपर्यंत कुत्र्याला तिथे जाऊ देऊ नये.

फोरेट, म्हणजे गावोगाव थिमेट म्हणून ओळखलं जाणारं औषध, डिसेंबर 2020 च्या अखेरीस देशात बंद झालं. तरी जुने डबे आखाड्याच्या आढ्यावर अजून सापडतात. असे डबे दुसऱ्या कामाला वापरू नयेत.

जालना ही बियाण्यांची नगरी. 1964 मध्ये बद्रीनारायण बारवाले यांनी इथे महिको सुरू केली आणि पुढे बियाणं हाच शहराचा मोठा उद्योग झाला. बियाण्याला गुलाबी, निळा, हिरवा रंग दिलेला असतो, कारण त्यावर औषधाचा थर असतो आणि तो ओळखू यावा. पेरून उरलेलं रंगीत बियाणं उकिरड्यावर टाकू नये. कोंबड्या, कुत्री आणि पोरं तिथेच फिरत असतात.

जी पिकं स्वतःच बाधतात

ही यादी लहान आहे, पण पाठ असावी अशी. पहिलं नाव द्राक्षाचं. द्राक्ष आणि बेदाणा कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी करू शकतात, हे 2000 च्या आसपास अमेरिकेतल्या पशुवैद्यांच्या लक्षात आलं. किती खाल्लं तर चालतं असं ठरलेलं प्रमाण नाही. एखादं कुत्रं घड खाऊन ठणठणीत राहतं, दुसरं मूठभर मण्यांनी दगावतं. बराच काळ कारण कळत नव्हतं. 2021 मध्ये टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवलं गेलं आणि त्यापाठोपाठ चिंच खाल्लेल्या कुत्र्यांतही तसाच त्रास झाल्याची उदाहरणं नोंदली गेली. मराठवाड्याच्या बांधाबांधावर चिंच आहे. उन्हाळ्याच्या तोंडावर चिंच फोडायची कामं चालतात तेव्हा गर, चोथा उघड्यावर पडलेला असतो. द्राक्षबागेत विरळणी आणि काढणीच्या वेळी खाली पडलेल्या मण्यांची काळजी घ्यावी, तशीच या चोथ्याचीही घ्यावी.

दुसरं नाव कांद्या-लसणाचं. यातल्या गंधकयुक्त घटकांनी कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात. शिजवल्यानेही हा गुण जात नाही. रानातला कांदा कुत्रं उकरून खात नाही, त्याला तो आपल्याच ताटातून मिळतो. कांदा-लसणाचं कालवण रोज भाकरीवर ओतून घातलं तर काही दिवसांत हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी तांबूस होते, कुत्रं दमतं. त्याला कोरडी भाकरी ताकात किंवा दुधात कुस्करून द्यावी.

तिसरं नाव एरंडाचं. कपाशी आणि सोयाबीनच्या कडेने एरंड सापळा पीक म्हणून लावतात. त्याच्या बियांत रायसिन हे जहाल विष असतं. बी चावून फोडलं की बाधा होते. त्याहून जास्त धोका एरंडीच्या पेंडीचा. मोसंबी आणि भाजीपाल्याला ती खत म्हणून देतात. तिच्यात हाडांचा चुरा मिसळला असेल तर कुत्रं आळं उकरून पेंड खातं. पेंड टाकली की लगेच मातीआड करून पाणी द्यावं आणि काही दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवावं.

कपाशीच्या सरकीतलं गॉसिपॉलही कुत्र्याच्या हृदयाला बाधतं. म्हैस खाते म्हणून सरकीची पेंड कुत्र्याला चालते, असा समज चुकीचा आहे.

बुरशी लागलेला मका

ही गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण तिच्यात माणूसही आहे. 1974 च्या हिवाळ्याच्या सुरुवातीला गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा जिल्ह्यांतल्या आदिवासी गावांत काविळीची साथ आली. शंभराहून अधिक माणसं गेली. तपास करणाऱ्यांना दिसलं की घरातली कुत्रीही तशाच काविळीने आजारी पडून मरत होती. दोघांच्या पोटात एकच अन्न जात होतं, पावसात भिजून बुरशी लागलेला मका. त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष यकृत खातं. 2020 च्या अखेरीस अमेरिकेत मक्यातल्या याच विषाने दूषित झालेल्या तयार खाद्यामुळे शंभराहून जास्त कुत्री दगावल्याची नोंद तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने केली.

आपल्याकडे परतीच्या पावसात मक्याची कणसं भिजतात. काळपट-हिरवट बुरशी आलेले दाणे बाजारात विकले जात नाहीत, मग ते "कुत्र्याला घाला" म्हणून बाजूला ठेवले जातात. हे करू नये. कुत्रं अफ्लाटॉक्सिनला फार लवकर बळी पडतं. आणि जो दाणा कुत्र्याला मारतो, तो कोंबडीला आणि माणसालाही हितकारक नसतो. दाणे काढून उरलेलं कणसाचं खोडही कुत्र्यासमोर टाकू नये. ते गिळलं तर आतड्यात अडकतं आणि शस्त्रक्रियेशिवाय निघत नाही.

रानडुकरांसाठी मांडलेलं मरण

रानडुकरं आणि रोही यांनी केलेलं नुकसान खरं आहे आणि शेतकऱ्याचा संताप समजण्यासारखा आहे. पण त्यापोटी मांसात किंवा पिठात विष कालवून बांधावर ठेवणं, कुंपणात घरगुती वीज सोडणं, चावल्यावर फुटणारे गावठी गोळे पेरणं, यांत डुकराआधी कुत्री मरतात. माणसंही मेली आहेत. जनावर मारणं किंवा जायबंदी करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली पाच वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे. पीकनुकसानीची भरपाई वन विभागाकडे मागता येते. ती वेळेत आणि पुरेशी मिळावी यासाठी भांडायला हवं. विष हे त्या भांडणाचं उत्तर नाही.

शेततळ्यांचंही इथेच सांगतो. प्लास्टिक अंथरलेल्या तळ्यात पाणी प्यायला उतरलेलं कुत्रं पुन्हा वर चढू शकत नाही, पंजे घसरतात. काठाला गाठी मारलेला दोर किंवा लाकडी शिडी सोडून ठेवली तर कुत्र्याचा, वासराचा आणि पोराचाही जीव वाचतो.

बाधा झाली तर

पहिली गोष्ट, घरगुती उतारे बंद. मिठाचं पाणी पाजून उलटी काढणं जिवावर बेतू शकतं. तूप, तेल, दूध पाजल्याने काही विषं उलट लवकर अंगात भिनतात. झिंक फॉस्फाईड खाल्लेल्या कुत्र्याला तर भाकरीचा तुकडाही देऊ नये, कारण अन्नाने पोटात आम्ल सुटतं आणि वायू वाढतो. त्याच्या उलटीजवळ तोंड नेऊ नये आणि खोली उघडी ठेवावी. बेशुद्ध किंवा झटके येणाऱ्या कुत्र्याच्या तोंडात काहीही घालू नये.

दुसरी गोष्ट, अंगावर औषध पडलं असेल तर हातमोजे घालून साबण-पाण्याने अंग धुवावं आणि चाटू देऊ नये.

तिसरी गोष्ट, औषधाची बाटली किंवा पुडी बरोबर घेऊन लगेच जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जावं. बाटलीवरचा त्रिकोण पाहावा: लाल सर्वांत जहाल, मग पिवळा, मग निळा आणि शेवटी हिरवा. 1962 या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची मदत मागता येते. काय खाल्लं, किती वाजता आणि पहिलं लक्षण कोणतं, या तीन गोष्टी सांगता आल्या तर डॉक्टरांचं निम्मं काम होतं.

रोजची काळजी याहून सोपी आहे. मृगाच्या पेरणीपासून पोळ्यापर्यंत आमिषं आणि बियाणं सांभाळा. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत फवारणीच्या रानापासून आणि मोसंबीच्या बागेतल्या डब्यांपासून कुत्र्याला दूर ठेवा. दिवाळीनंतर होळीपर्यंत कुसळं आणि धसकटं पाहा. रानातून आल्यावर कान, बोटांच्या बेचक्या आणि काखा बोटाने चाचपा. आखाड्यावर स्वच्छ पाण्याचं एक घमेलं कायम भरलेलं ठेवा, म्हणजे कुत्रं डबक्याकडे जाणार नाही. फवारणीच्या दिवशी त्याला घरीच बांधा.

2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कपाशी फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा महाराष्ट्र खडबडून जागा झाला. कुत्र्याच्या मरणाने कुणी जागं होत नाही. पण जे विष त्याच्या पायाला लागतं तेच अनवाणी निंदणाऱ्या बाईच्या पायाला लागतं, आणि जो डबा त्याने चाटला तो उद्या रांगणाऱ्या पोराच्या हाती लागू शकतो. म्हणून ग्रामसभेत एक ठराव करा: फवारणी आणि आमिषाच्या आदल्या दिवशी शेजाऱ्याला कळवायचं, रिकाम्या बाटल्या आणि उरलेलं विष रानात टाकायचं नाही आणि बांधावर विषारी मांस कुणीही ठेवायचं नाही. खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र आणि तालुक्याचे पशुवैद्यकीय अधिकारी यांना एकत्र बोलावून खरिपाआधी एक बैठक घ्या. रात्रभर जागून आपलं पीक राखणाऱ्या प्राण्यासाठी एवढं करणं आपलं कर्तव्य आहे.